नागासाकी येथील आमचीं धर्मभावंडें

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे जुनीं दप्तरें उघडण्याची आपली रीत आहे. पायाचा दगड कोणत्या वर्षीं बसला, घंटा कोणीं अर्पण केली, वेदीचा खर्च कोणत्या घराण्यानें उचलला, कोणकोणते धर्मगुरू येथें येऊन सेवा करून गेले, या सर्वांचीं टिपणें निघतात आणि तीं आदरानें छापलीं जातात. तीं छापलीं जावींत हें योग्यच आहे. परंतु ज्यांचें नांव कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं, अशा माणसांचेंही आपणांवर ऋण असतें. आपल्या आजीला क्रुसाची खूण करावयास कोणीं शिकविलें? तिच्या आजीला कोणीं? त्या साखळीच्या कड्या मोजूं गेल्यास चारपांच पिढ्यांपलीकडे सर्व अंधुक होऊन जातें. आणि तरी ती साखळी कोठेंही तुटलेली नाहीं, म्हणूनच आज आपण या वेदीपुढें गुडघे टेकूं शकतों.

जपमाळेच्या आरंभीं प्रेषितांचा श्रद्धांगीकार म्हणतांना संतांच्या समागमावरील आपला विश्वास आपण प्रकट करतों. त्या शब्दांचा अर्थ काय, हें तर्कानें सांगण्यापेक्षां एका खऱ्या इतिहासानें सांगावें असें आम्हांस वाटलें. हा इतिहास जपानांतील नागासाकी शहराचा व त्याला लागून असलेल्या उराकामी नांवाच्या गांवाचा आहे. तो आमच्या महोत्सवाच्या पुस्तकांत कां, असें कोणीं विचारल्यास उत्तर सोपें आहे. त्या इतिहासाच्या मुळाशीं जें रक्त सांडलें, त्यांत आमच्या वसईच्या एका पुत्राचें रक्त आहे.

वसईचा पुत्र

संत फ्रान्सिस झेवियर हे इ. स. १५४९ च्या ऑगस्ट महिन्याच्या १५ व्या दिवशीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशीं, कागोशिमा बंदरांत उतरले. त्यांच्यासोबत आंजिरो नांवाचा एक जपानी गृहस्थ होता. त्याचा स्नानसंस्कार त्यापूर्वींच्या वर्षीं गोव्यास झाला होता. जपानच्या ख्रिस्तसभेचा पहिला अंकुर अशा रीतीनें आपल्याच किनाऱ्यावर फुटला, ही गोष्ट आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

त्यानंतर सातआठ वर्षांनीं वसई येथें गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई येथलीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें व ऐन कुमारवयांत ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली आणि कित्येक वर्षें लोकांना धर्मशिक्षण दिलें. त्या संघांत आपणांस प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाहीं. तेव्हां ते व्यापारांत शिरले आणि पुढें मनिला येथें संत फ्रान्सिस यांच्या संघांत साधे बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू कधींच झाले नाहींत. मिस्साबलिदान अर्पण करण्याचा किंवा पापक्षमा देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. शब्द पोंचविणें व सेवा करणें एवढेंच त्यांचें काम होतें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचा अर्थ उलगडणार आहे.

इ. स. १५९३ मध्यें फिलिपीन्सच्या गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंना वकील म्हणून पाठविलें, तेव्हां दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो त्यांच्याबरोबर होते. या संन्याशांनीं क्योटो शहरांत कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. इ. स. १५९६ मध्यें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यावरून वितुष्ट वाढलें आणि हिदेयोशीनें ख्रिस्ती उपदेशकांस धरण्याचा हुकूम दिला. क्योटो व ओसाका येथें २४ जण पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, त्यांना गाड्यांतून गांवांत फिरवून, ऐन हिवाळ्यांत महिनाभराच्या वाटेनें नागासाकीला नेण्यांत आलें.

या प्रवासांतील एक गोष्ट आमच्या मनांतून कधींच जात नाहीं. निघतांना कैदी २४ होते आणि क्रूस उभे राहिले २६. वाटेंत त्या बंदिवानांची सेवा करण्यासाठीं पेद्रो सुकेजिरो हा तरुण व फ्रान्सिस नांवाचा एक सुतार असे दोघे मागोमाग चालत होते. त्यांना पकडण्याचा हुकूम नव्हता. "आम्ही यांचे नव्हेत" असें म्हटलें असतें तर ते सुखानें घरीं गेले असते. परंतु ते बाजूला झाले नाहींत आणि पहारेकऱ्यांनीं त्यांनाही बंदिवानांत घातलें. भुकेल्या बांधवांना चार घांस देण्यासाठीं निघालेलीं हीं माणसें आज वेदीवर पूजिलीं जातात.

इ. स. १५९७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ५ व्या दिवशीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांपैकीं २० जण जपानी, चौघे स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आमच्या वसईचा. कोणी धर्मगुरू होते, कोणी बंधू, कोणी साधे प्रापंचिक. लुईस इबाराकी अवघा १२ वर्षांचा होता. १४ वर्षांच्या थॉमस कोझाकीनें वाटेंतून आपल्या आईस पत्र लिहून आपली व वडिलांची काळजी न करण्याविषयीं व धाकट्या भावांस सांभाळण्याविषयीं विनविलें होतें. त्याचे वडीलही त्याच रांगेंत क्रुसावर गेले आणि तें पत्र पुढें त्यांच्याच देहावर सांपडलें. देश निराळे, जन्मभाषा निराळ्या, वयें निराळीं, तरी रांग एक. कुटुंब या शब्दाची याहून स्पष्ट व्याख्या आम्हांस सुचत नाहीं.

धर्मगुरूंवांचून

इ. स. १६१४ मध्यें सर्व जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना हांकलून देण्यांत आलें, मंदिरें पाडण्यांत आलीं, आणि जे लपून राहिले ते एकामागून एक सांपडले. इ. स. १६४४ मध्यें मान्सियो कोनिशी या जपानी धर्मगुरूंनीं रक्तसाक्ष दिली. ते देशांतील अखेरचे धर्मगुरू. त्यांच्यामागें पापनिवेदन ऐकणारा, मिस्साबलिदान अर्पण करणारा, अखेरचा अभ्यंग देणारा कोणीही उरला नाहीं. राज्याचीं दारें परकीयांस बंद झालीं. प्रत्येक कुटुंबाची एका बौद्ध मठांत नोंद होऊं लागली. शेजारच्या घरांनीं एकमेकांविषयीं जामीन राहावें असा नियम झाला. ख्रिस्ती माणूस दाखवून देणाऱ्यास इनाम देण्याच्या पाट्या चव्हाट्यावर लागल्या.

अशा स्थितींत धर्म टिकावयाचा तो कोणाच्या हातून? शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या हातून तो टिकला. पूर्वीं येशूसंघीय व इतर धर्मगुरूंनीं गांवोगांव भक्तांचीं मंडळें स्थापिलीं होतीं. आजाऱ्याची सेवा, मृताचें दफन, विधवेस मदत, अशीं कामें तीं मंडळें करीत. धर्मगुरू नाहींसे झाल्यावर हीच मंडळें ख्रिस्तसभेचा सांगाडा झालीं. उराकामीला व आसपासच्या भागांत तीन प्रकारचे सेवक असत. 'चोकाता' हा पंचांग सांभाळी व सणवार, उपवासाचे दिवस ठरवी. 'मिझुकाता' म्हणजे पाण्याचा सेवक. तो बालकांना स्नानसंस्कार देई. 'किकियाकु' हा निरोप्या; तो दिवसांची वार्ता घरोघर पोंचवी. गरजेच्या वेळीं साधा माणूसही योग्य हेतूनें पाणी ओतून व ठराविक शब्द उच्चारून खरा स्नानसंस्कार देऊं शकतो, ही आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण आपण लहानपणींच शिकतों. त्या लहानशा नियमावर तेथील भाविकांनीं सहासात पिढ्या काढल्या.

त्यांच्या प्रार्थनांत लॅटिन व पोर्तुगीज शब्द होते. ते पाठांतरानें झिजले, बदलले, पण टाकले गेले नाहींत. प्रार्थनेस ते 'ओराशो' म्हणत, नाताळास 'नातारा' आणि क्रुसास 'कुरुसु'. हे शब्द वाचतांना आपल्या वाचकांस घरच्यासारखें वाटेल. आपला 'क्रूस' आणि आपला 'नाताळ' हेही त्याच पोर्तुगीज गलबतांतून आलेले. हजारों मैलांच्या अंतरावर, एकमेकांची वार्ताही नसतां, दोन किनाऱ्यांवरील आया आपल्या लेंकरांना एकाच मुळाचा शब्द शिकवीत होत्या.

घरांत पवित्र मरियेची मूर्ति ठेवणें म्हणजे मरण ओढवून घेणें होतें. म्हणून ते कान्नोन या बौद्ध देवतेची बालकासह असलेली मूर्ति ठेवीत आणि तिच्यापुढें मनांत माउलीचें स्मरण करीत. पापनिवेदनाची सोय नसल्यामुळें परिपूर्ण पश्चात्ताप कसा करावा हें शिकविणारा 'कोन्चिरिसान' नांवाचा पाठ ते हस्तलिखितांत व मुखांत जतन करीत. सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मोठ्या जहाजांतून परत येतील, असें बास्तियान नांवाच्या एका उपदेशकाचें भाकीत म्हणून बाप मुलाला सांगत असे.

ज्यांनीं पाय ठेवला ते

आतां एका अवघड गोष्टीकडे वळणें प्राप्त आहे. ती टाळली तर हा इतिहास गोड होईल, पण खरा राहणार नाहीं.

नागासाकीच्या परिसरांत दरवर्षीं नव्या वर्षाच्या सुमारास अधिकारी प्रत्येकाला प्रभू येशूच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. यास 'फुमिए' म्हणत. जो पाय ठेवीत नसे तो ख्रिस्ती ठरे, आणि त्याचें काय होई हें सांगावयास नको. कित्येकांनीं पाय ठेवला नाहीं; ते रक्तसाक्षी झाले. परंतु ज्यांनीं धर्म पुढें पोंचविला त्यांतील पुष्कळांनीं दरवर्षीं पाय ठेवला होता, हें स्पष्ट आहे. ते त्या दिवशीं घरीं येत, दार लावीत, आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. पुढच्या वर्षीं पुन्हां तोच दिवस येई.

यांना आपण काय म्हणावें? त्यांनीं केलें तें योग्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. ते स्वतःही तसें म्हणत नव्हते, नाहींतर त्यांना पश्चात्तापाची प्रार्थना लागली नसती. परंतु संत पेत्रानें कोंबडा आरवण्यापूर्वीं तीन वेळां नाकारलें आणि बाहेर जाऊन तो रडला, हें आपण विसरतां कामा नये. त्याचें रडणें ज्यानें पाहिलें त्यानें या शेतकऱ्यांचेंही पाहिलें असेल. निशिझाकाच्या टेकडीवरील सव्वीस जणांनीं बीं पेरलें. तें बीं अंधाऱ्या खोलींत, लाजेनें व भीतीनें, पण न सोडतां, या दुर्बळांनीं सांभाळलें. रक्तसाक्ष्यांचा सण आपण थाटानें करतों. या दुसऱ्यांसाठीं पंचांगांत दिवस नाहीं. म्हणून त्यांचें स्मरण येथें आम्ही बुद्ध्याच करीत आहों. आपल्याही घराण्यांत असे पूर्वज असतील. कोणी भ्यालेले, कोणी मध्येंच दूर गेलेले, आणि तरी मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण करण्यास न चुकलेले.

१७ मार्च १८६५

इ. स. १८६२ च्या जून महिन्याच्या ८ व्या दिवशीं पोप नववे पियुस यांनीं त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांना संतपद दिलें. वसईचे बंधू गोन्सालो संत गोन्सालो झाले. त्याच सुमारास जपाननें कांहीं बंदरें परकीयांस उघडलीं होतीं, आणि परदेशी रहिवाशांच्या उपासनेसाठीं फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकीच्या ओउरा भागांत एक मंदिर बांधलें. तें याच सव्वीस संतांच्या नांवें अर्पण करण्यांत आलें.

इ. स. १८६५ च्या मार्च महिन्याच्या १७ व्या दिवशीं, शुक्रवारीं, दुपारच्या सुमारास पंधरा एक खेडुतांचा घोळका मंदिराच्या दाराशीं आला. फादर पेतिजाँ यांनीं दार उघडलें व आंत जाऊन ते वेदीपुढें प्रार्थनेस बसले. इतक्यांत एक स्त्री त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली कीं, आम्हां सर्वांचें अंतःकरण आपल्या अंतःकरणासारखेंच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, असें तिनें विचारलें. फादरांनीं त्यांना मरियेच्या वेदीकडे नेलें. माउलीच्या हातांतील बालक पाहून त्यांची खात्री पटली. आपण कोठून आलों, आपल्याकडे सण कोणते पाळतात, हें ते भराभरा सांगूं लागले. आणि आज दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस आहे, असेंही त्यांनीं सांगितलें.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. त्या वर्षीं राखेचा बुधवार मार्चच्या १ ल्या दिवशीं आला होता. १७ मार्च हा उपवासकाळाचा नेमका सतरावा दिवस. अखेरचे धर्मगुरू जाऊन २२१ वर्षें झालीं होतीं. रोमहून पत्र नाहीं, छापील पंचांग नाहीं, मंदिराची घंटा नाहीं. आणि उराकामीच्या शेतकऱ्यांचा दिवस जगांतील ख्रिस्तसभेच्या दिवसाशीं जुळला होता. उराकामीचा चोकाता किचिझो हा इ. स. १८५६ मध्यें सुरू झालेल्या धरपकडींत कारागृहांतच मरण पावला होता. त्याच्या पूर्वींच्या चोकात्यांनीं पिढ्यान् पिढ्या राखलेलें तें गणित चुकलें नव्हतें.

पुढें दुसऱ्या ठिकाणचे भाविकही येऊं लागले. पेत्र नांवाच्या एका स्नानसंस्कार देणाऱ्यानें रोम येथील धर्मप्रमुखाविषयीं चौकशी केली आणि धर्मगुरू अविवाहित असतात काय हेंही विचारलें. पवित्र मरिया, रोमचा प्रमुख आणि ब्रह्मचारी धर्मगुरू, या तीन खुणांवरून त्यांनीं आपलें घर ओळखलें. ज्या मंदिरांत हें ओळखणें घडलें, त्याच्या आश्रयदात्या संतांत वसईचा साधा बंधू होता. धर्मगुरू नसलेल्या ख्रिस्तसभेला, धर्मगुरू न झालेल्या संताच्या छायेखालीं आपलें घर सांपडावें, ही योजना मनुष्याची खास नव्हे.

घर सापडल्यावर

घर सांपडलें तरी छळ संपला नव्हता. बंदी अद्याप उठलेली नव्हती. इ. स. १८६७ मध्यें उराकामीचे लोक उघडपणें आपल्या धर्माप्रमाणें अंत्यविधि करूं लागल्यावर धरपकड झाली आणि इ. स. १८६८ पासून सबंध गांव, सुमारें ३,४०० माणसें, निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें. उपासमारीनें, थंडीनें व यातनांनीं ६०० हून अधिक माणसें मेलीं. कित्येकांनीं यातनांपुढें मान तुकविली आणि पुढें तेही परत आले. इ. स. १८७३ मध्यें बंदीच्या पाट्या काढण्यांत आल्या व उरलेले लोक आपल्या उजाड गांवीं परतले.

परतलेल्यांत इवानागा माकी नांवाची एक तरुणी होती. दुसऱ्याच वर्षीं गांवांत आमांशाची सांथ आली. फादर मार्क द रो यांच्या हाताखालीं तिनें व तिच्या मैत्रिणींनीं आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि सांथींत पोरकीं झालेलीं बालकें आपल्या घरीं आणून वाढविलीं. त्या घरांतूनच पुढें जपानी भगिनींचा एक सेवासंघ उभा राहिला. स्वतः घरादाराला मुकून आलेल्या स्त्रीनें दुसऱ्याच्या मुलांची आई व्हावें, हें पाण्यानें जोडलेलें नातें रक्ताहून दाट असल्याचें साक्षात् प्रमाण होय.

उराकामीच्या लोकांनीं पुढें जमीन घेतली ती जुन्या गांवप्रमुखाच्या वाड्याची. याच वाड्यांत त्यांच्या वाडवडिलांना प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. त्याच जागेवर इ. स. १८९५ पासून विटा रचून त्यांनीं इ. स. १९१४ मध्यें भव्य मंदिर पुरें केलें. इ. स. १९४५ च्या ऑगस्टच्या ९ व्या दिवशीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं नागासाकीवर अणुबाँब पडला तो या मंदिरापासून फार दूर नव्हे. स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून पापनिवेदनास आलेले लोक व दोन धर्मगुरू जागच्या जागीं मृत्यू पावले. उराकामीच्या सुमारें १२,००० कॅथलिकांपैकीं सुमारें ८,५०० गेले. ढिगाऱ्याखालून दोन घंटांपैकीं मोठी घंटा शाबूत निघाली आणि त्याच वर्षीं नाताळाच्या रात्रीं वाचलेल्यांनीं ती वाजविली. इ. स. १९५९ मध्यें मंदिर पुन्हां उभें राहिलें. नष्ट झालेल्या दुसऱ्या घंटेची जागा मात्र ऐंशी वर्षें रिकामी होती. ती अमेरिकेंतील कॅथलिकांनीं वर्गणी जमवून ओतविलेल्या घंटेनें भरली, आणि इ. स. २०२५ च्या ऑगस्टच्या ९ व्या दिवशीं, त्याच मिनिटाला, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्यांच्या देशानें बाँब टाकला त्यांच्या मुलांनीं घंटा दिली, आणि ज्यांचे आप्त जळाले त्यांच्या मुलांनीं ती स्वीकारली. देणें कठीण होतें. घेणें त्याहून कठीण असावें.

आपलें ऋण

वसईच्या धर्मप्रांताची स्थापना इ. स. १९९८ मध्यें झाली. गास येथील मंदिरास आणि वसईंतील महाविद्यालयास संत गोन्सालो यांचें नांव आहे. त्यांचा अभिमान आपणांस वाटतो व वाटावाच. परंतु हा अभिमान आपल्या गांवच्या वेशीशींच थांबला तर त्या संताचा अर्धाच परिचय झाला असें होईल. ते वसईंत जन्मले. नागासाकीच्या लोकांचे बंधू म्हणून मेले. जपानांतील भाविक फेब्रुवारीच्या त्या सणाला त्यांचें नांव घेतात, तेव्हां ते आपल्या घरच्या माणसाचें नांव घेतात. आणि आपण उराकामीच्या त्या अनाम पाणक्यांचें स्मरण करतों, तेव्हां आपणही परक्यांचें स्मरण करीत नाहीं.

महोत्सवाच्या या दिवशीं प्रत्येक घरानें एक लहानसें काम करावें अशी आमची विनंती आहे. ज्यांनीं आपणांस पहिली प्रार्थना शिकविली, ज्यांनीं स्नानसंस्काराच्या वेळीं धर्मबाप किंवा धर्ममाता म्हणून आपल्या डोक्यावर हात ठेवला, त्यांचीं नांवें घरांतील वडील माणसांस विचारून मुलांच्या वहींत लिहून ठेवावीं. जे हयात असतील त्यांच्या घरीं जाऊन भेटावें. जे निवर्तले असतील त्यांच्यासाठीं एक मिस्सा सांगावी. आणि कोणी शेजारी बरेच दिवस मंदिरांत दिसला नसेल, तर त्याला दोष न देतां त्याची आठवण ठेवावी. ज्यांच्या पायाखालीं प्रतिमा आली होती, त्यांच्याच नातवंडांनीं एके दुपारीं मंदिराच्या दाराशीं येऊन माउलीची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारलें होतें.

दार उघडणारा कोणी असावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आमच्या या मंदिराचें दार पुढील शतकांतही तसेंच उघडें राहो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.